आजोबांचा बोनेटवाला ट्रक: आधी थांबवायचा, मग चालवायचा

धक्का मारायला निघालेल्या भावाला आधी आवरा. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं: आजोबांनी १९८३ साली घेतलेला बोनेटवाला टाटा १२१०, त्यात ऊस, गूळ, खताची पोती आणि लगीनसराईत वऱ्हाडही वाहिलं. आजोबा गेले, आणि दहा-बारा वर्षं ट्रक गोठ्याच्या कडेला उभा आहे. इंजिन हँडलनं फिरत नाही. एक चुलतभाऊ म्हणतो भंगारात घाला. दुसरा म्हणतो नवी बॅटरी टाकून ट्रॅक्टरनं ओढला की धडधडत चालू होईल. तुम्हाला तो पुन्हा रस्त्यावर बघायचाय. सुरुवात कुठून करू, इंजिन उघडू का, रंग कसा देऊ, कागदांचं काय, परत ऊस वाहील का, असे तुमचे प्रश्न आहेत.

माझं सगळं आयुष्य कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या ट्रकांखाली गेलंय, त्यामुळे सरळ सांगतो. अशा गाडीत पहिला पैसा ब्रेकवर घालायचा, दुसरा चेसिस आणि चाकांवर, तिसरा इंजिनावर, आणि रंगावर सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. चकचकीत रंग मारून फुलांचा हार घातलेला ट्रक पहिल्याच उतारावर थांबत नाही, तेव्हा ते मिस्त्री शोधत येतात.

ट्रॅक्टरनं ओढायचं का नाही, ते ऐका. उभ्या गाडीचं इंजिन अडकतं ते बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंजानं चिकटल्यामुळे. इंजिन कुठंही थांबलं तरी एखाददुसरा व्हॉल्व्ह उघडाच राहतो, आणि दर पावसाळ्यात दमट हवा सायलेन्सरमधून त्या सिलिंडरपर्यंत पोचते. अशा इंजिनाला ओढून गिअरमध्ये क्लच सोडला की रिंग तुटते आणि तिचा तुकडा लायनर खरवडत जातो. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर आणखी वाईट. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. जे इंजिन एका आठवड्याच्या धीरानं सुटलं असतं, ते अर्ध्या मिनिटात ब्लॉकसकट वाया जातं.

म्हणून आधी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाही नोझल काढा. प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं करून चहाच्या अर्ध्या कपाएवढं सोडा आणि वर चिंधी खोचा. चार-पाच दिवस रोज थोडं थोडं घालत राहा. दरम्यान टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण, उघडून ठेवा. मग पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून किंचित पुढे, किंचित मागे असं हलवा. नुसतं एकाच दिशेनं जोर लावू नका. सुटायला लागलं की बोटभर, मग वीतभर, असं वाढवत जा. फिरताना प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतोय का ते डोळ्यांनी बघा. अडकलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून सेल्फ मारला तर पुशरॉड वाकते. त्या व्हॉल्व्हच्या दांडीवर पातळ तेल सोडून लाकडी हातोडीनं हलके ठोके दिले की बहुतेकदा सुटतो.

सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, नट सोडाल तेव्हा खाली भांडं ठेवा आणि पहिल्या धारेकडं बघा. पाणी जड असल्यामुळे तेच आधी येतं. वाटीभर आलं तर ते हवेतलं दव. लिटरभर आलं तर हेड गॅस्केट, हेड किंवा लायनरची तपासणी नक्की. नवं ऑइल आणि फिल्टर टाकून, नोझल बाहेरच ठेवून सेल्फ मारा. दाब नसलेलं इंजिन सहज फिरतं आणि तेल सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोचतं. ऑइलच्या दाबाचा काटा उचलल्याशिवाय नोझल परत बसवायचे नाहीत.

आणि आता जे सांगतो ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. तुमच्या गाडीचा डिझेल पंप सरळ ओळीतला, आपल्याकडं ज्याला सरसकट मायकोचा पंप म्हणतात तो असणार. त्यात एक दातेरी पट्टी असते, तिला रॅक म्हणतात. ती सरकेल तसं डिझेल कमी-जास्त होतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत जुनं डिझेल चिकट होऊन ही रॅक जागच्या जागी धरते. ती भरपूर डिझेलच्या जागी धरलेली असेल तर इंजिन चालू होताच वेग चढत जातो. ॲक्सिलरेटर सोडून उपयोग नाही आणि स्टॉपची तार ओढूनही उपयोग नाही, कारण दोन्ही त्याच रॅकवर चालतात. असलं जुनं डिझेल इंजिन किल्ली बंद करून थांबवता येत नाही. काही क्षणांत ते स्वतःला फोडून घेतं. म्हणून चालू करायच्या आधी पंपाच्या बाजूची पट्टी उघडून रॅक बोटानं मोकळी सरकते का ते पाहा. अडकली असेल तर पंप उतरवून सरळ कॅलिब्रेशनवाल्याकडं न्या. मोकळी असली तरी पहिल्या वेळी एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि एक माणूस रबर चिकटवलेली लोखंडी प्लेट घेऊन तिथं उभा करा. वेग चढला की त्यानं हवेचं तोंड बंद करायचं. हात लावायचा नाही. पोतं टाकायचं नाही, ते आत ओढलं जातं.

त्या एअर क्लीनरमध्ये उंदराचं घरटं असणारच. बोनेट उघडताना आणि सीट उचलताना काठी वापरा. गोठ्याशेजारच्या गाडीत नाग निघणं आमच्या धंद्यात नवल नाही, आणि गांधीलमाश्या तर हमखास.

इंजिन भिजत पडलंय तेवढ्या दिवसांत कागदांचं काम सुरू करा, कारण वेळ सगळ्यात जास्त तिथंच जातो. गाडीवर मोठा पैसा लावण्याआधी हा ट्रक कायद्यानं कुणाचा, हे ठरायला हवं. आपल्याकडं सातबारा वाटला जातो, विहिरीच्या पाळ्या ठरतात, आणि ट्रक मात्र सगळ्यांचा राहतो. तो भंगार असतो तोवर कुणी विचारत नाही. चालू झाला की प्रत्येकाला आठवण येते. भावांचा आणि चुलत्यांचा राग येण्याआधी त्यांची सही घ्या.

मालक वारल्यावर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यायचं, असा नियम आहे. तुमचा तो काळ केव्हाच उलटला, म्हणजे दंड भरावा लागेल. त्यापलीकडं काही बिघडत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा, बाकी वारसांची संमती आणि मूळ आरसी बुक लागेल. बुक हरवलं असेल तर आधी नमुना २६ भरून दुय्यम प्रत. १९८३चा नंबर म्हणजे ‘एम’नं सुरू होणारा तीन अक्षरी नंबर. १९८९च्या जुलैनंतर एमएच आणि जिल्ह्याचा आकडा आला. असे जुने नंबर बऱ्याचदा वाहन पोर्टलवर दिसतच नाहीत, कारण ते कार्यालयातल्या जाड रजिस्टरमध्येच राहिले. तेव्हा ‘बॅकलॉग एंट्री’ करून द्या, म्हणजे ती जुनी नोंद पोर्टलवर चढवा, असा अर्ज करावा लागतो. तो नंबर जपा. नवा नंबर घेऊन टाका असं सांगणारा एजंट भेटेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.

गाडी वापरात नाही असं आजोबांनी किंवा वडिलांनी आरटीओला कधी लेखी कळवलं होतं का, ते जुन्या फायलींत शोधा. कळवलं नसेल तर रस्ता कर चढत राहिलेला असतो. शिवाय आठ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांना महाराष्ट्रात २०१०पासून पर्यावरण कर आहे. हा आकडा कळल्याशिवाय टायरसुद्धा घेऊ नका.

‘दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालतच नाही’ हे तुमच्या भावानं कुठंतरी ऐकलंय. तो निर्बंध दिल्ली आणि राजधानी परिसरापुरता आहे. महाराष्ट्रात खासगी मालकाची गाडी केवळ वयामुळे भंगारात जात नाही. पंधरा वर्षं झाली की नोंदणी संपते, हे २०२३च्या एप्रिलपासून सरकारी गाड्यांना लागू झालं. आपल्याला अडतं ते फिटनेसला, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याच्या दाखल्याला. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला तो दर वर्षी घ्यावा लागतो, आणि पंधरा वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांचं शुल्क १ एप्रिल २०२२पासून कित्येक पटींनी वाढवलं गेलं. आजचा आकडा आरटीओतच विचारा.

व्हिंटेज नोंदणीचंही कुणीतरी सुचवेल. २०२१ साली तो नियम आला खरा, पण तो दुचाकींना आणि खासगी चारचाकी मोटारींना आहे, आणि पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली असावी लागतात. तुमचा ट्रक दोन्ही अटींत बसत नाही. स्वतःचाच माल वाहतो मग परमिट कशाला, असंही अनेकांना वाटतं. एकूण वजन ३००० किलोच्या वर असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागतं, माल कुणाचाही असो. आणि मोटारीच्या लायसन्सवर हा ट्रक रस्त्यावर काढू नका. त्या लायसन्सची मर्यादा ७५०० किलो एकूण वजनाची आहे, तुमची गाडी बारा टनांच्या वर्गातली.

हे वाचून दमला असाल तर एक मधला मार्ग आहे. ट्रक फक्त स्वतःच्या शेतात, कुंपणाच्या आत फिरवायचा. तिथं परमिट आणि फिटनेसचा प्रश्न येत नाही. पण दोन तुकड्यांच्या मधून गावरस्ता जात असेल तर तो ओलांडतानासुद्धा गाडी सार्वजनिक जागी आलेली असते, आणि तिथं विमा हवाच.

आता ब्रेक. तुमच्या गाडीत ते नुसत्या ऑइलचे आहेत, की ऑइलला हवेची मदत आहे, ते आधी बघा. कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी असेल तर टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढा. टाकी आतून गंजलेली वाटली तर बदला, वेल्डिंग करून वापरू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे दहा वर्षं उभ्या गाडीत मास्टर सिलिंडर आणि सगळे व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेले असतात. नुसती रबरं बदलून महिना-दोन महिने चालतं, मग गळतं. खड्डा नखाला लागत असेल तर सिलिंडरच नवा. लवचिक पाइप सगळे नवे, एकही जुना ठेवायचा नाही. वरून चांगला दिसणारा पाइप आतून फुगून बंद झालेला असतो. ब्रेक दाबला की लागतो, सोडला की सुटत नाही, आणि ड्रम तापून धूर निघतो. लोखंडी नळ्या चेसिसला क्लिपनं धरलेल्या असतात तिथं, क्लिपच्या खाली गंजतात. क्लिप काढल्याशिवाय ते दिसत नाही.

ड्रम काढाल तेव्हा आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. पाणी मारून ओली करा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पुरून टाका. आमच्या पिढीतल्या मिस्त्रींनी ती धूळ फुंकर मारून उडवली आणि त्यातले बरेच नंतर खोकत बसले. ड्रमला रेघा असतील तर लेथवर फिरवून घ्या, पण चारही ड्रमांचा व्यास मोजून. एकाच ॲक्सलवर डावा-उजवा ड्रम कमी-जास्त कापलेला असेल तर गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते. स्वयंचलित तपासणी केंद्रावर रोलरवर गाडी घातली की हा फरक आकड्यात दिसतो आणि तिथं मिस्त्रीचं तोंड चालत नाही.

गाडी उचलताना नुसत्या जॅकवर कुणीही खाली शिरायचं नाही. रेल्वेच्या स्लीपरसारखे जाड लाकडी ठोकळे चेसिसखाली द्या. चाकाचे नट सोडताना डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत का ते आधी पाहा. नाहीतर चार फुटी पाइप लावून ते घट्टच करत बसाल.

चाकांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं माणसं मेलेली मी पाहिली आहेत. ९.०० × २० मापाचे हे टायर ट्यूब आणि फ्लॅपसकट तीन भागांच्या डिस्कवर बसतात, आणि कडेनं त्यांना लॉक रिंग धरून ठेवते. ती गंजली, वाकली किंवा खाचेत नीट बसली नाही, तर हवा भरताना ती सुटते, आणि समोर जे असेल ते कापत जाते. गंजलेल्या डिस्कवर गावातल्या पंक्चरवाल्याकडून हवा भरून घेऊ नका. चाक उतरवा, टायर सोडवा, रिंग आणि खाच वायर ब्रशनं घासा. वाकलेली रिंग ठोकून सरळ करायची नाही, बदलायची. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात, नाहीतर निदान जाड साखळीनं बांधून, आणि माणूस नळीच्या लांबीइतका बाजूला. टायर कितीही जाड दिसोत, बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. आणि शिक्क्यात चारऐवजी तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा, तो थेट गोठ्याच्या छपरावर टाका. सहा चाकं आणि स्टेपनी असे सात टायर, सात ट्यूबा आणि सात फ्लॅप हा या कामातला सगळ्यात कमी अंदाज केलेला खर्च असतो.

चेसिस बघायचा तो कोरड्या उन्हात, धुऊन झाल्यावर. तुमच्या गाडीत खत वाहिलंय असं तुम्ही लिहिलं, म्हणून माल भरायच्या हौद्याखालचे आडवे मेंबर आणि मागच्या पाट्यांचे, म्हणजे पानांच्या स्प्रिंगांचे, ब्रॅकेट मी आधी बघीन. युरिया आणि पोटॅशचे कण फटीत जाऊन बसतात, पावसाळ्यात ओल धरतात आणि लोखंड आतून सोलत जातात. हातोडीनं ठोकत जा. टणक आवाज आला तर पत्रा जिवंत, भदाड आवाज आला तर मेला. रिव्हेटांच्या भोवती लालसर पाणी ओघळल्यासारखा डाग दिसला की ती रिव्हेट सैल आहे. ती काढून चांगल्या पोलादाचा, भोकात घट्ट बसणारा बोल्ट लावा. साधा सैल बोल्ट नको. तडा असेल तर त्याच्या टोकाला बारीक भोक पाडून मग वेल्डिंग. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवी वेल्डिंग कधीही नाही, कारण भार आल्यावर पुढचा तडा तिथूनच जातो. चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर ग्राइंडर चालू देऊ नका, त्यावर लांबी भरू देऊ नका. आरटीओत त्याचीच पेन्सिलनं छाप घेतात, आणि छाप उठली नाही तर गाडी कुणाची हे सिद्ध करत बसावं लागतं.

पाटे उतरवून भट्टीवाल्याकडून बाक परत देऊन घ्या. तुटलेलं पान असेल तर जोडी बदला. किंगपिन, बुश, ड्रॅग लिंकची टोकं आणि स्टिअरिंग बॉक्स या चार ठिकाणची झीज एकत्र होऊन स्टिअरिंगची फिरकी तयार होते. बॉक्सचा स्क्रू आवळून ती घालवायची नाही. सरळ चालताना हलकी वाटते आणि वळणावर स्टिअरिंग जाम होतं. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग हातानं हलवून बघा. गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊनचं तेल काढून चुंबक फिरवा. पीठ आलं तर ठीक, दाणे आले तर उघडा.

आता इंजिन. पाटी ६९२ची आहे असं तुम्ही म्हणता. म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर, १२० मिलिमीटर स्ट्रोक, ४७८८ सीसी. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांच्यातल्या १९५४च्या करारातून हे घराणं आलं. करार १९६९ला संपला, जाळीवरचा तारा गेला आणि टाटांचा ‘टी’ आला. तरी आमच्याकडं बायकासुद्धा ट्रकला मर्सिडीजच म्हणत. पुष्कळ १२१० गाड्यांत पुढे ६९२ काढून ६९७ घातलं गेलं. ते ९७ मिलिमीटर बोअरचं, ५६७५ सीसीचं. ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळतो का ते पाहून घ्या. आजोबांनी मध्ये कधी इंजिन बदललं असेल आणि बुकात चढवलं नसेल, तर ते आताच दुरुस्त करून घ्यायचं.

उघडायचं की नाही, हे चालवून बघितल्याशिवाय ठरवू नका. जुनी गाडी दिसली की ‘सगळं खोलून टाकू’ म्हणणारे मिस्त्री असतात. इंजिन चालू होऊन चांगलं तापू द्या. गरम असताना मंद चालीवर ऑइलचा काटा टिकतो का? ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडायच्या नळीतून, झुळूक येते की चुलीसारखा धूर? रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का? निळा धूर पहिल्या काही तासांत कमी होतो का? रिंगा सुटायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवसाच्या धुरावर निकाल देऊ नका. हे सगळं बरं असेल तर नोझल टेस्ट करून घ्या, टॅपेट सेट करा, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि होज बदला, आणि इंजिन तसंच राहू द्या. कारखान्यात बसवलेलं जे चांगलं आहे ते उगाच उघडू नये.

उघडावंच लागलं तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडची प्रेशर टेस्ट हे सगळं एका गल्लीत होतं. ऑइल इंजिनांवर वाढलेली ती वस्ती आहे, ६९२ त्यांना नवं नाही. क्रँक आधी किती वेळा घासलीय ते विचारा. बेअरिंगच्या पाठीवर अंडरसाइजचा आकडा कोरलेला असतो. ०.२५, ०.५० असे टप्पे असतात, शेवटच्या टप्प्यावर असेल तर क्रँक बदलण्याचा खर्च धरून चाला. काढलेले जुने भाग मिस्त्रीकडून परत घ्या आणि नव्या भागांची खोकी स्वतः बघा. टाटांच्या नावाची नक्कल बाजारात भरपूर आहे. खोक्यावरच्या छपाईपेक्षा बेअरिंगचं वजन आणि कड बघून कळतं, म्हणून खरेदीला जाणता माणूस बरोबर न्या.

डिझेलची टाकी उतरवून धुवा. गाळ असतोच. तिला टाका मारायचा असेल तर रिकामी टाकी वेल्डरपुढं ठेवू नका. आत वाफ असते, ती फुटते. एप्रिल २०२०पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दशलक्षात १० भागांवर आलंय. त्यानं धूर कमी झाला, पण जुन्या पंपांची कडक झालेली रबरं त्यावर पाझरायला लागतात. पंप कॅलिब्रेशनला जाईल तेव्हा सगळी सील बदलून घ्या, म्हणजे दोनदा उतरवावा लागणार नाही.

वायरिंग दुरुस्त करू नका, नवीनच ओढा. उंदरांनी खाल्लेल्या हार्नेसमध्ये तुकडे जोडत बसलात तर एक दिवस केबिन पेटेल. या गाडीला वायरी मोजक्याच आहेत, चांगला इलेक्ट्रिशियन दोन-तीन दिवसांत उरकतो.

हौदा आणि केबिन ही सुताराची कामं. त्या काळी कंपनीकडून चेसिस आणि पुढचं तोंड मिळायचं, बाकी सगळं गावाजवळचा बॉडीवाला बांधायचा. म्हणून तुमच्या ट्रकची केबिन दुसऱ्या जिल्ह्यातल्या १२१०शी तंतोतंत जुळणार नाही, आणि ती जुळवायचा प्रयत्नही करू नका. पत्र्याच्या आतली लाकडी चौकट कुजली असेल तर पत्रा जपून उतरवा, जुन्या तुकड्यावरून नवा तुकडा आखून घ्या. बाभूळ किंवा साग, दोन्ही चालतात. पूर्ण वाळलेलं मात्र हवं. फाळक्यांच्या, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूंच्या, फळ्यांतली एखादी शाबूत असेल तर तीच परत लावा. नव्या लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल दोन-तीन हात द्या, फळ्यांच्या कापलेल्या टोकांना जरा जास्त. पाणी तिथूनच शिरतं.

आणि रंग. तुम्ही स्प्रे-बूथमध्ये नेऊन गाडी ‘शोरूमसारखी’ करायचं विचारलंय. १९८३ला शोरूममधून आली तेव्हा ती उघडी चेसिस होती, केबिनही नव्हती. बॉडीवाल्याच्या अंगणात कुणा पेंटरनं ब्रशनं इनॅमल लावलं, फाळक्यावर कमळं काढली, कपाळावर कुलदैवताचं नाव लिहिलं. ते आज अर्धवट दिसत असेल. रंग खरवडण्याआधी मऊ फडक्यानं साबणपाणी लावून एक कोपरा पुसून पाहा. धुळीखाली बरंच शिल्लक निघतं. निघालं तर तेवढा भाग राखा, भोवतीचा गंजलेला पत्रा दुरुस्त करून रेड ऑक्साइड आणि त्याच छटेचं इनॅमल ब्रशनंच द्या. राखता येत नसेल तर बटर पेपर लावून अक्षरांचा छाप घ्या आणि मोजपट्टी बाजूला ठेवून फोटो काढा, मग पेंटरला बोलवा. रेडियमच्या स्टिकरवाल्याला नको. असे हातानं लिहिणारे पेंटर कमी झालेत, पण इचलकरंजी-जयसिंगपूरकडं अजून सापडतात. मागच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ असेल तर रस्त्यावर काढताना अडचण येईल. ते लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी झाली. घरच्या गाडीत मी त्या ओळीवर सुटी पाटी लावीन आणि खालचं आजोबांचं अक्षर तसंच ठेवीन.

खर्चाचा आकडा मी गाडी न बघता देणार नाही. तो तीन गोष्टींवर ठरतो: ब्लॉक आणि क्रँक वाचली का, चेसिस किती खाल्लाय, आणि कर किती थकलाय. पहिल्याचं उत्तर इंजिन सुटल्यावर मिळेल, दुसऱ्याचं हातोडीनं, तिसऱ्याचं आरटीओच्या खिडकीवर. तिन्हीला पैसे जवळजवळ लागत नाहीत. तिन्ही वाईट निघाली तर तुमच्या पहिल्या भावाचं ऐका, फक्त गाडी नोंदणीकृत केंद्रावर द्या आणि आरसी रद्द झाल्याचा कागद घ्या. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिलीत तर नंबर आजोबांच्या नावावर जिवंत राहतो आणि करही.

ऊस वाहील का? आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या आत, एक-दोन खेपा, जवळच्या गुऱ्हाळापर्यंत, हो. कारखान्याच्या हंगामात रात्रंदिवस, हौद्याच्या वर दुप्पट उंच मोळ्या रचून, रांगेत उभं राहून, नाही. चाळीस वर्षांच्या लोखंडाला तो मार सोसणार नाही, आणि आजही तो भार नियमात बसत नाही. पहिल्या भरल्या खेपेनंतर पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट परत आवळा. नवीन बसवलेलं सगळं पहिल्या भारानं थोडं बसतं, आणि सैल यू-बोल्टमुळे पाट्याचा मधला बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो.